‘एकच मूळ’ पाहायचे तर अधिक महिन्यात पाहा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांच्या समान मुळांवर आलेला लेख वाचला. अब्राहमपाशी, म्हणजेच इब्राहिमपाशी, तिघांची परंपरा एकत्र येते हे खरेच. पण ‘तिघांचेही सण चंद्रावर चालतात, केवळ चंद्रदर्शनामुळे तारखा पुढेमागे होतात’ हे त्यातले विधान बरोबर नाही. ते दुरुस्त करायला हवे, कारण हे धर्म कुठे जोडलेले होते आणि कुठे वेगळे झाले, हे पंचांगात फार स्वच्छ दिसते.

चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात. सौरवर्षापेक्षा ते सुमारे ११ दिवस कमी भरतात. खरा प्रश्न आहे तो या ११ दिवसांचे काय करायचे, हा.

यहुद्यांनी ही तूट भरून काढली. इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण असलेला वल्हांडण ‘अवीव’ महिन्यात (पुढे त्यालाच निसान म्हणू लागले), म्हणजे सातूची कणसे भरू लागतात तेव्हा पाळावा, अशी तोराची, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथाची, आज्ञा आहे. सण वसंतातच ठेवायचा तर अधूनमधून जादा महिना घालावाच लागतो. पूर्वी धर्मपंडित पिकाची स्थिती पाहून तसे जाहीर करीत, पुढे गणिताचा तक्ता आला. १९ वर्षांच्या चक्रात ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ या क्रमांकांच्या वर्षी ‘अदार’ महिना दोनदा येतो. १९ सौरवर्षे आणि २३५ चांद्रमास जवळजवळ सारखे भरतात, हा हिशेब बॅबिलोनमध्ये माहीत होता. निसान, तम्मूझ, तिश्री ही महिन्यांची नावेही यहुद्यांनी तिथूनच उचलली.

मराठी वाचकाला अधिक महिना समजावून सांगायला नको. फक्त आपला अधिक मास संक्रांत नसलेल्या महिन्यावर ठरतो आणि त्यांचा ठरीव तक्त्यावर, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पडत नाहीत. योम किप्पूर, म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस, हा तिश्रीचा दहावा दिवस, दसरा आश्विन शुद्ध दशमीचा. २०२४ मध्ये दोन्ही १२ ऑक्टोबरला आले, २०२५ मध्ये दोन्ही २ ऑक्टोबरला. २०२३ मध्ये मात्र योम किप्पूर २५ सप्टेंबरला आणि दसरा २४ ऑक्टोबरला होता, कारण आपल्याकडे अधिक श्रावण होऊन गेला होता आणि त्यांचा जादा अदार पुढच्या वसंतात यायचा होता. (आपल्या कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, योम किप्पूरला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत आले. हे नाव पुरवणीत यायला हवे होते.)

येशूला क्रुसावर दिले ते वल्हांडणाच्या दिवसांत. त्यामुळे ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, मुळात वल्हांडणाला बांधलेला आहे. गोव्यात आजही त्याला ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतात. हा शब्द हिब्रू ‘पेसाह’वरून ग्रीक, लॅटिन आणि पोर्तुगीज अशा वाटेने आला. सुरुवातीला आशिया मायनरमधले ख्रिस्ती निसानच्या १४ तारखेलाच, वार कोणताही असो, हा सण पाळीत. इ. स. ३२५ मध्ये नायसिया इथे भरलेल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेने ठरवले की ईस्टर सर्वांनी एकाच दिवशी पाळावा आणि तो यहुद्यांच्या गणनेवर अवलंबून नसावा. त्यातून रूढ झालेला नियम असा : २१ मार्च (चर्चने विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, धरलेली तारीख) किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. इथे लोक हमखास फसतात. ही पौर्णिमा आकाशातली नसते, चर्चच्या कोष्टकातली असते. २०१९ मध्ये खरी पौर्णिमा २१ मार्चला, विषुवदिनानंतर काही तासांतच झाली. त्या हिशेबाने ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. कोष्टकाने ती पौर्णिमा आदल्या दिवसाची, म्हणजे २१ मार्चच्या आधीची धरली आणि ईस्टर गेला २१ एप्रिलला. उलट २०२४ मध्ये चर्चने धुळवडीची पौर्णिमा धरून ३१ मार्चला ईस्टर केला, तर यहुद्यांचे वर्ष अधिक महिन्याचे असल्याने वल्हांडण २२ एप्रिलच्या संध्याकाळी, आपल्या हनुमान जयंतीच्या तोंडावर सुरू झाला.

इस्लामने तूट भरणेच बंद केले. अरबस्तानात ‘नसी’ची प्रथा होती. तीत पवित्र महिने पुढे ढकलले जात, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते जादा महिनाही घातला जाई. कुराणाने (सूरा तौबा, आयत ३७) ती निषिद्ध ठरवली. म्हणून रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० मध्ये तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा सुरू होईल. चंद्रदर्शनाने फरक पडतो तो एखाददुसऱ्या दिवसाचा. लेखकाने या दोन गोष्टींची गल्लत केली आहे.

मूळ मात्र पुसले गेले नाही. मुहर्रमच्या दहाव्या दिवसाचे नाव ‘आशुरा’, म्हणजे दहावा. हदीसनुसार पैगंबर मदिनेत आले तेव्हा तिथले यहुदी, मूसाची (मोशेची) फिरऔनापासून, म्हणजे इजिप्तच्या राजापासून, सुटका झाली म्हणून, या दिवशी उपवास करीत होते. पैगंबरांनीही तो केला आणि करवला. हिजरी २ मध्ये रमजानचे रोजे बंधनकारक झाले आणि आशुराचा उपवास ऐच्छिक उरला. त्याच वर्षी नमाजची दिशा जेरुसलेमकडून मक्केकडे वळली. आपण ताबुतांमुळे ओळखतो तो करबला इथल्या इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा शोक याच तारखेचा, पण तो ६८० नंतरचा.

शेवटी एक विनंती. तिन्ही परंपरांत सणाचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणूनच तर गुरुवारला ‘जुमेरात’, म्हणजे जुम्याची (शुक्रवारची) रात्र, म्हणतात. ख्रिस्ती लोकांत हे आता मुख्यतः सणाच्या आदल्या रात्रीच्या उपासनेपुरते उरले आहे. आपल्या दैनिकाच्या दिनविशेषात यहुदी सणांची फक्त इंग्रजी तारीख छापली जाते. २०२५ चा वल्हांडण १३ एप्रिलचा छापला, तर वाचक १३ च्या संध्याकाळी शुभेच्छा देणार, आणि पहिले भोजन १२ च्या रात्रीच झालेले असणार. तारखेपुढे ‘आदल्या सूर्यास्तापासून’ एवढे छापावे.

आपला,
एक वाचक, अलिबाग