मेडिकलवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

अण्णा तुमच्याकडे पायांना येणाऱ्या मुंग्यांवर "काहीतरी ताकदीचं" मागायला आले आणि तुम्ही काही विकण्याआधी त्यांना औषधांची पिशवी काउंटरवर रिकामी करायला लावलीत, त्याबद्दल हे पत्र. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते तुम्ही पाहिलंच असेल.

रात्री तळपायांची आग, पायातली चप्पल निसटली तरी न कळणं, हे सगळं साखरेमुळेच, असं घरीदारी सगळे धरून चालले होते. तुम्ही एकेक पाकीट उलटून वाचलंत. साखरेची गोळी मेटफॉर्मिन, तेही वर्षानुवर्षं. सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी, पॅन्टोप्राझोल. गळ्यातली तुळशीची माळ पाहून दूध किती घेता, तेही विचारलंत. (चहात पडेल तेवढं!) मांस-मासे-अंडी वर्ज्य, म्हणजे नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्व मुळात पोटात जाणार थोडं. त्यात ॲसिडिटीच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी केलं की अन्नातलं बी-१२ नीट सुटं होत नाही, आणि जे सुटतं तेही मेटफॉर्मिनमुळे कमी शोषलं जातं. हे इतक्या सोप्या शब्दांत आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

पिशवीत रक्तवाढीची फॉलिक ॲसिडची गोळीही होती. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण नसांची झीज आत चालूच राहते, हे ऐकून मी हादरलेच.

खरी कमाल पुढे. कुणीकुणी सुचवलेल्या "नसांच्या" तीन वेगवेगळ्या गोळ्या अण्णा एकदम घेत होते. नावं निराळी, पण तिन्हींत बी-६ जीवनसत्त्व म्हणजे पायरिडॉक्सिन. तुम्ही मिलिग्रॅमची बेरीज कागदावर मांडलीत. रोजची गरज दोनेक मिलिग्रॅमची. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्यांसाठी वरची मर्यादा १२ वर आणली, अमेरिकेत ती १०० आहे. अण्णांची बेरीज त्याही पलीकडे जात होती. जास्तीचं बी-६ बराच काळ पोटात गेलं तर त्यानेच नसा दुखावतात, मुंग्या येतात. "शेजारच्याला टीबीत डॉक्टरांनीच दिली होती की," अण्णा हटून बसले. तिथे आयसोनियाझिड हे टीबीचं औषध चालू असतं, त्याने बी-६ घटतं, म्हणून ती द्यावीच लागते. हे तुम्ही न चिडता समजावलंत. मागे गिऱ्हाइकांची रांग असताना!

मनाने काही बंद करू नका, हा कागद डॉक्टरांना दाखवा, असं बजावून तुम्ही त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलंत. गल्ल्यात त्या दिवशी आमचा एक रुपयाही पडला नाही.

रिपोर्टमध्ये बी-१२ दोनशे पिकोग्रॅमच्या बरंच खाली निघालं. डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं दिली, आता मिथाइलकोबालामिनची, म्हणजे बी-१२ चीच, गोळी आहे. बी-६ च्या गोळ्या त्यांनी थांबवल्या, मेटफॉर्मिन मात्र चालूच ठेवलंय. रात्रीची आग पुष्कळ कमी झाली आहे. टाचांचा बधिरपणा अजून आहे. नसा सावकाश भरतात, काही वेळा पूर्ण भरत नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. अण्णा रोज झोपण्यापूर्वी तळपाय आरशात बघतात, कुठे खुपलं-कापलं तर कळावं म्हणून.

आईही माळकरी आहे आणि तिलाही पॅन्टोप्राझोल चालू आहे. येत्या सोमवारी दुपारी, गर्दी नसताना, तिची पिशवी घेऊन येते.

आपली,
अण्णांची थोरली