रात्री कुंभार्ली उतरू नकोस

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आबा, दसऱ्याला इलेक्ट्रिक गाडी घेतेय, दर पंधरा दिवसांनी आईला बघायला येईन," आणि मी फक्त "कशाला?" एवढंच बोललो. तू फोन ठेवलास. आई रात्री जेवेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला फोनवर नीट सुचत नाही, म्हणून लिहितो.

विजेच्या गाडीला माझा विरोध नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली आणि २०२२ च्या १ जूनला त्याच मार्गावर विजेवरची शिवाई सुटली. मी निवृत्त होतो, तरी पुढे तुझ्याकडे आलो असताना मुद्दाम तिच्यात बसून नगरला जाऊन आलो. ड्रायव्हरच्या मागची सीट धरली होती. गाडी कधी सुटली ते कळलं नाही. त्याचा डावा हात पूर्णवेळ स्टेअरिंगवर, कारण गिअरचा दांडाच नाही. जन्मभर ज्या हाताने दांडा ओढला तो माझा हात मांडीवर नुसता पडून होता. फार बरं वाटलं. आपल्या एसटीने हे करून दाखवलं याचा अभिमान वाटला.

मला काळजी आहे ती पुण्याहून इकडे चिपळूणला येताना लागणाऱ्या कुंभार्ली घाटाची, तीही रात्रीच्या. आईच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग (स्टेंट) घातली त्या रात्री तू भाड्याची गाडी करून निघालीस. घाटात धुकं, मोबाईलला रेंज नाही, हेळवाक सोडल्यापासून तुझा फोन लागेना. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो. आत आई, आणि तू त्या वळणांवर. तेव्हा निदान गाडी चालवायला दुसरा माणूस होता.

असो. हिशेबाचं बोलतो.

रोजचं तुझं खराडी-हिंजवडी जाणं-येणं पन्नासच्या वर. पेट्रोलला किलोमीटरला सहा-सात रुपये पडतात, घरच्या विजेवर दोनच्या आतबाहेर. महिन्याला पाच हजारांच्या आसपास सुटतील. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, विजेच्या गाडीचा पाचच राहिला, त्यामुळे किमतीतलं अंतर वाढलं. वरचे तीन-साडेतीन लाख वसूल व्हायला पाच-सहा वर्षं लागतील. तेसुद्धा गाडी घरी चार्ज झाली तर. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरला युनिट जवळपास दुप्पट पडतं. आणि जावईबापू म्हणाले, सोसायटीने पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला अजून होकार दिलेला नाही. मग दसऱ्याची घाई कशाला? पॉइंट बसू दे, मीटर लागू दे. दसरा गेला तर दिवाळीचा पाडवा आहे.

कर्ज सात वर्षांचं घेतेस असं कळलं. बॅटरीची हमी बऱ्याच कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, यातलं जे आधी भरेल ते. दर पंधरवड्याला इकडे आलीस तर किलोमीटर आधी भरतील. हप्ते पाच वर्षांत फेडता येत असतील तर बघ. विजेच्या गाड्यांच्या टोलमाफीवर भिस्त ठेवू नकोस. ती द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूला आहे, आपल्या वाटेवरच्या खेड-शिवापूर आणि आणेवाडी नाक्यांना नाही.

पुन्हा उपदेश सुरू झाला. तू इंजिनिअर आहेस, हे सगळं तुला माझ्याआधी ठाऊक असणार. रागावू नकोस.

तू पाच-सहा वर्षांची असताना कराडच्या गाडीत माझ्याशेजारी बॉनेटवर बसायचीस. खाली घोंगडीची घडी, तरी बूड भाजायचं, पण उठायची नाहीस. पोफळी मागे पडली की वळणं मोजायला लागायचीस आणि दर वेळी मध्येच झोपायचीस. कंडक्टर एका हाताने तुला धरून तिकिटं फाडायचा. एकदा जागी होऊन म्हणालीस, "आबा, या डोंगराच्या पोटात वीज करतात ना?" कोयनेचं वीजघर तुला मीच दाखवलं होतं.

घाटाचं एवढंच सांगतो, हे मात्र ऐक. ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, हे आमचं शिक्षण. तुझ्या गाडीत ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला की मोटरच वीज तयार करते आणि गाडी धरते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज घ्यायला जागा नसते, मग गाडी तशी धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून उंब्रजच्या आधी चार्ज करशील तेव्हा ऐंशी टक्क्यांवर थांबव. त्यापुढे चार्जिंग तसंही हळू होतं. एका चार्जला किती किलोमीटर जाते त्या कंपनीच्या आकड्यातला दोन तृतीयांशच खरा धर. परतीला घाट चढायला तीन-चार युनिट जास्त लागतील, ते आधीच धरून ठेव. आणि दिवसाउजेडी ये. दुपारी दोनच्या पुढे पुण्यातून निघायचं नाही, निघायला उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी. आईचं काहीही झालं, मी कितीही घाबरून फोन केला, तरी रात्री एकटीने घाट उतरायचा नाही.

मला सलतं ते हे की तू गाडी आमच्यासाठी घेतेस. तुझ्या रोजच्या कामासाठी घे, छोटीला शाळेत सोडायला घे. आमच्याकडे येणं त्यात आपोआप होईल. आम्ही दोघं आहोत इथे, शेजार आहे, दवाखाना आहे. आई गोळ्या वेळेवर घेते, सकाळी पाखाडी चढून देवळापर्यंत जाते.

पावसाळ्यात आलीस तर गाडी खाली बाजारात लावू नकोस. २२ जुलै २०२१ च्या पुरात इथल्या एसटी आगारातली माणसं रोख घेऊन बसच्या टपावर बसली होती, ते विसरू नकोस.

वायरमनला बोलावून पडवीत पंधरा अँपिअरचा पॉइंट आणि वेगळं अर्थिंग करून घेतलंय. रात्रभर लावली तरी बॅटरी पूर्ण भरणार नाही, तेव्हा आलीस की दोन रात्री राहा. गाडीबरोबर केबल किती मीटरची मिळते ते विचारून कळव. कमी पडत असेल तर पॉइंट बाहेरच्या खांबावर घेतो, वायरमन गुरुवारी परत येतोय.

तुझा,
आबा