केराचा डबा आणि तुझी मनी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मनी रात्री केराचा डबा पाडते, सकाळी स्वयंपाकघरभर कचरा, आणि तू ओरडून ओरडून थकलास. ते ओरडणं आजपासून बंद कर. सकाळी तू ओरडतोस तेव्हा डबा पाडून तिला कितीतरी तास झालेले असतात. तुझं चिडणं आणि तो डबा यांची सांगड ती घालूच शकत नाही. ती तुला बिचकायला लागेल आणि डब्याकडे तू झोपल्यावरच जाईल. दहा खेपांत एकदा जरी माशाचा काटा मिळाला, तरी ती अकराव्यांदा जाणारच. रोज न मिळता कधीमधी मिळालं की सवय आणखी घट्ट होते. म्हणून डबाच असा कर, की त्यातून तिच्या हाती एकदाही काही लागणार नाही.

झुलत्या झाकणाचा डबा असेल तर काढून टाक. डोक्याने ढकललं की वाट मोकळी. पायाने दाबून उघडायचा, पत्र्याचा, आतली बादली वेगळी निघणारा डबा घे, आणि झाकणाला खिटी हवीच. खिटी नसली तर डबा आडवा होताच झाकण आपसूक उघडतं. डबा पडतो तो मांजराच्या ताकदीने नव्हे. ती मागच्या पायांवर उभी राहून पुढचे पाय काठावर टेकते, सगळा भार एका बाजूला येतो आणि हलका डबा कलंडतो. त्यावर उपाय म्हणजे बादलीखाली दोन-तीन किलो वजन ठेव, वीट किंवा घट्ट बांधलेली वाळूची पिशवी, आणि डबा दोन भिंतींच्या कोपऱ्यात सरकव. शेजारी स्टूल नको. पिशवीचा काठ बाहेर लोंबत ठेवू नकोस. त्यात नख अडकवून ती अख्खी पिशवी वर ओढते. काठ दुमडून बादली आणि डबा यांच्या मध्ये दाबून टाक.

त्याहून बरं म्हणजे डबा सिंकखालच्या कपाटात. पण नुसतं दार लावून भागत नाही. मांजर दाराच्या खालच्या कोपऱ्याशी बसतं, पंजा आडवा करून नखं कडेत रुतवतं आणि आपल्याकडे ओढतं. दार बोटभर हललं की फटीत नाक, मग डोकं, आणि डोकं गेलं की बाकीचं अंग गेलंच. दार नुसतं धरून ठेवणारा साधा लोहचुंबक असल्या ओढीपुढे टिकत नाही. लहान मुलांसाठी आतून बसवायची खिटी मिळते, ती लाव. चिकटपट्टीवर बसवणार असशील तर आधी ती जागा साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी कर. तेलकट लाकडावर पट्टी धरत नाही आणि खिटी चार दिवसांत हातात येते. स्क्रू मारलेस तर उत्तमच.

आता वासाचं. मासे-मटणाची हाडं, कातडी, चरबी डब्यात टाकूच नकोस. घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेव आणि कचरा न्यायच्या दिवशीच बाहेर काढ. ज्या पाकिटातून मांस आलं ते विसळून टाक. पिशवी बदललीस तरी वास राहतो, कारण पाझरलेलं पाणी बादलीच्या तळाशी साचतं आणि तेलकटपणा झाकणाच्या आतल्या कडेला, बिजागरीच्या खाचेत बसतो. आठवड्यातून एकदा गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन या जागा घास, वाळव, मग तळाशी दोन-तीन चमचे खायचा सोडा पसर. पण फिनाईल नको! त्यातल्या फिनॉलसारख्या द्रव्यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही. पंजाला लागलेलं ती चाटणार आणि ते पोटात जाणार. सुगंधी तेलांचंही तेच. तिखट किंवा मिरपूड भुरभुरवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, ते डोळ्यांत जातं.

माझ्या मते स्वयंपाकघरातल्या डब्याइतकाच न्हाणीघरातला छोटा उघडा डबा घातक, आणि तोच सगळे विसरतात. दात साफ करायचा दोरा, शिवणाचा धागा, केसांचं रबर. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो आतच सरकतो. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलं की आतडं त्या दोऱ्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि कापलंही जातं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नकोस, थेट डॉक्टरांकडे ने. पॅरासिटामॉलची एक गोळीही तिच्या जिवावर बेतू शकते. कांदा-लसणाने तिच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. लिलीच्या परागकणांनीसुद्धा मूत्रपिंडं निकामी होतात. हे सगळं झाकणबंद डब्यातच जायला हवं.

डबा बंद झाल्यावर पहिले काही दिवस ती जास्तच जोर लावेल, रात्रभर खरवडेल. तेव्हा कंटाळून खिटी उघडी टाकलीस तर सगळं पाण्यात. दिवसाचं खाणं तेवढंच ठेवून चार वेळांत विभाग. शेवटचा वाटा झोपायच्या आधी दे, आणि त्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोरीच्या काठीने तिला पळव. खेळ संपला की ती दोरी मात्र कपाटात.

एक गोष्ट मला टोचते आहे. मनी पूर्वी डब्याकडे फिरकत नव्हती, असं तू लिहिलंस. वयस्क मांजर अचानक हावरट झालं आणि खाऊनही वाळत असेल, तर जंत, मधुमेह किंवा थायरॉइड वाढलेलं असू शकतं. तिला उचलून वजनकाट्यावर उभा राहा, मग एकट्याचं वजन वजा कर. आठवडाभराने पुन्हा बघ. घटलं असेल तर डब्याची खटपट नंतर, आधी रक्ततपासणी.

कपाटाच्या दाराची जाडी आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते कळव, म्हणजे कुठली खिटी बसेल ते सांगतो.

तुझा,
मोहन