तालमीला जागा हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑगस्ट उजाडला की पुण्यातल्या महाविद्यालयांत पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचे वारे वाहू लागतात आणि भरत नाट्य मंदिराच्या आवारात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी घुमू लागते. माझी भाची यंदा प्रथमच एका संघात आहे. हा संघ सध्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन मोटारींमधल्या मोकळ्या जागेत तालीम करतो, कारण त्यांच्या महाविद्यालयाचे फाटक संध्याकाळी सहाला बंद होते. शेजाऱ्यांनी दोनदा तक्रार केल्यापासून मुले संवाद कुजबुजत म्हणतात. ज्यांना नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा आहे, त्यांनी महिनाभर कुजबुजण्याचाच सराव करावा, हे पाहवेना म्हणून हे पत्र.

मी स्वतः 1984 साली, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असताना, एका एकांकिकेत काम केले होते. काम केले म्हणजे गर्दीत उभी होते. एकांकिका दुष्काळी गावावरची होती आणि पाऊण तासात माझ्या वाट्याला ‘अहो, पण पाणी आलंय का?’ एवढे एकच वाक्य आले होते. आमचा दिग्दर्शक शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होता. गावात टँकर शिरल्याचा आवाज येताच आम्ही अकरा जणांनी एकाच क्षणी माना वळवायच्या, पण ती कवायत वाटता कामा नये, असा त्याचा हट्ट होता आणि तेवढ्या एका हालचालीसाठी त्याने आमच्या तीन संध्याकाळी खर्ची घातल्या. पहिल्या संध्याकाळी आम्ही त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. तिसऱ्या संध्याकाळी कोणीही खूण न करता अकरा माना वळल्या, तेव्हा तो काहीच बोलला नाही, नुसता खाली बसला. त्या क्षणी अंगावर आलेला काटा मला पुढे बँकेच्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही अनुभवता आला नाही. (पदोन्नतीच्या दिवशीसुद्धा नाही.)

आमच्यात वसतिगृहात राहणारा बार्शीचा एक मुलगा होता. पहिल्या आठवड्यात त्याच्या बोलण्याला आम्ही पेठांतली मुले हसलो होतो, हे आज लिहितानाही संकोच वाटतो. दुसऱ्या आठवड्यात मात्र दिग्दर्शकाने आम्हा सर्वांची भाषा सुधारण्याचे काम त्याच्याकडेच सोपवले आणि आमचे गुळगुळीत ‘नाही का हो’ त्याने न रागावता, एकेक शब्द घासून काढून टाकले. रात्री साडेनऊच्या आत घरी येण्याच्या अटीवर वडिलांनी मला परवानगी दिली होती; त्यामुळे तालीम संपली की सात-आठ सायकलींचा ताफा मला शनिवार पेठेत सोडायला येई. त्यात आमचा नायक असे प्रकाशयोजना करणाऱ्याच्या कॅरिअरवर, कारण त्याच्याकडे सायकलच नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी याच नायकाने घाईत चक्क एक पान गाळले. त्या पानावर माझे एकुलते एक वाक्य होते. प्रसंग पुढे सरकला होता आणि माझ्या घशात आवंढा आला होता. इतक्यात बार्शीचा तो मुलगा खांद्यावरची घागर सावरत माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ‘काय गं, गप का? इचार की त्यास्नी.’ मी विचारले. प्रेक्षकांत हशा पिकला, जो मूळ संहितेत कुठेच नव्हता. आम्हाला कसलेही बक्षीस मिळाले नाही. निकाल लागल्यावर नेपथ्याच्या फळ्या हातगाडीवर चढवताना मात्र नायकापासून गर्दीपर्यंत सर्वांचे खांदे लागले होते आणि दुसऱ्या दिवशी, तालीम नसताना, संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्यातले नऊ जण त्या रिकाम्या हॉलच्या पायऱ्यांवर येऊन बसले होते.

हे सारे घडले ते आमच्या महाविद्यालयाचा हॉल आम्हाला रात्री नऊपर्यंत उघडा मिळत होता म्हणून. 1963 पासून चालत आलेल्या या स्पर्धेचा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर आहे आणि या तिन्ही गोष्टी तालमीतच घडतात. 2022 साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकास पात्र नाही असा निर्णय दिला, तेव्हा आजच्या मुलांच्या वाचनाविषयी, मोबाइलविषयी आणि मालिकांच्या प्रभावाविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. ही मुले तालीम कुठे करतात, असे विचारलेले निदान माझ्या वाचनात आले नाही.

माझी सूचना साधी आहे. ज्या महाविद्यालयांचे संघ स्पर्धेत उतरतात, त्यांनी जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने एक हॉल, आणि तो नसेल तर बाके बाजूला सारलेला एक वर्ग, रात्री नऊपर्यंत उघडा ठेवावा. सुरक्षेची काळजी खरी आहे, मुलींच्या बाबतीत तर अधिकच. पण कोपऱ्यावरच्या पार्किंगपेक्षा पहारेकरी असलेले आवार केव्हाही सुरक्षित. पहारेकऱ्याच्या जादा तासांचे पैसे स्नेहसंमेलनाच्या मांडवखर्चातून सहज निघतील. करंडक मिळाल्यावर अभिनंदनाचे फलक लावण्यात महाविद्यालये मागे नसतात, तेव्हा त्याआधीच्या दोन महिन्यांतही त्यांनी थोडा हात सैल सोडावा.

भाचीच्या संघाची प्राथमिक फेरी जवळ आली आहे. तूर्त सोसायटीच्या अध्यक्षांकडून गच्चीची किल्ली मी माझ्या जबाबदारीवर मागून घेतली आहे. पाऊस उघडेल त्या संध्याकाळी तरी मुलांना मोठ्याने बोलता येईल.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड, पुणे