ग्रूपमध्ये समुपदेशकच रडायला लागल्या तर?

सन्माननीय संपादक, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ग्रूप थेरपीवरचा लेख वाचला. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१२ साली डॉक्टरने आरशासारखं राहावं असं लिहिलं, म्हणून थेरपिस्टने स्वतःबद्दल अवाक्षर काढू नये, हे काही मला पटलं नाही. फ्रॉइडचा पेशंट कोचावर एकटा, आणि इथे आठ-दहा जण गोल करून एकमेकांची तोंडं बघत बसलेले.

मिस्टरांच्या दारूपायी आम्ही दोन व्यसनमुक्ती केंद्रं केली. पहिल्या ठिकाणी बायकांचा फॅमिली ग्रूप होता. एकदा समुपदेशक मॅडम स्वतःच्या घटस्फोटावर बोलायला लागल्या त्या थांबेचनात, सासूने दागिने कसे दाबले, कोर्टात काय झालं, शेवटी डोळ्यात पाणी आणि माझ्या शेजारच्या ताईंनी पर्समधून रुमाल काढून त्यांना दिला. त्या ताई आदल्या रात्री मार खाऊन आलेल्या, दंडावर वळ दिसत होते, त्यांची बोलायची पाळी राहूनच गेली. पुढे मीपण काही सांगायच्या आधी विचार करायचे, मॅडमना त्रास नको व्हायला.

दुसऱ्या ठिकाणचे समुपदेशक सर स्वतः दारू सोडलेले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मीपण बायकोच्या पर्समधले पैसे चोरलेत. आता तुमचं बोला." बस्स. आमच्या ह्यांनी तिथेच कानातलं विकल्याचं कबूल केलं, जे मी दोन वर्षं कामवाल्या मावशींच्या नावावर घालत होते (त्यांची माफी मागताना माझी काय हालत झाली ते सोडा).

व्यसनमुक्तीत हे नवीन नाहीच. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, १९३५ पासून स्वतःची गोष्ट सांगण्यावरच चाललंय, अर्थात तिथे थेरपिस्ट नसतो, आणि पुण्यात १९८६ ला सुरू झालेल्या मुक्तांगणमध्येही व्यसनातून बाहेर पडलेले लोक समुपदेशक आहेत. प्रश्न किती आणि कोणासाठी सांगायचं हा आहे.

अजून एक, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवायचं बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे, पण मॅडमनी आम्हाला सांगितलं त्याचं काय? पंधरा दिवसात ती घटस्फोटाची गोष्ट मी भाजी घेताना ऐकली.

त्या मॅडम वाईट नव्हत्या हो, त्यांचं ऐकायला कोणी नसेल. केंद्रांनी समुपदेशकांसाठी आठवड्याला तासभर एखादा सीनियर माणूस ठेवावा, सुपरव्हिजन म्हणतात ते, आणि फी भरणाऱ्यांनी ते आहे का हे अ‍ॅडमिशनच्या वेळीच विचारावं.

– एक वाचक, चिंचवड
(कृपया नाव छापू नये)