पाईनच्या शेंड्यावर अकरा जण

थेटफर्ड (इंग्लंड), 18 जानेवारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, निफाडचा पारा परत घसरलाय, रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतायत. मणी तडकतील म्हणून तुम्ही पहाटे तीनला उठून धूर करत बसता आणि वर मलाच विचारता, "तिकडं थंडी सोसते का गं?" माझं काय, मी हीटरपाशी असते. आज दुसऱ्याच कुणाची थंडी सांगते.

आमच्या घरामागं पाईनचं जंगल आहे. आपोआप उगवलेलं नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला लाकूड कमी पडलं, मग 1919 मध्ये सरकारनं वनखातं काढलं आणि पुढं या रेताड माळावर पाईन लावले. बरीचशी झाडं अजूनही बाबांच्या द्राक्षांसारखी सरळ ओळीत आहेत. रविवारी तुमच्या नातीला घेऊन तिकडं गेले होते. कडेच्या एका छातीएवढ्या रोपाच्या शेंड्याला, कळीभोवतीच्या सुयांच्या बेचक्यात, काहीतरी लाल दिसलं. वाकून पाहिलं तर ढालकिडे, इथले लेडीबर्ड! तुरीच्या दाण्याएवढे, पाठीवर सात ठिपके, एकमेकांना खेटून बसलेले. नातीनं मोजले, अकरा भरले.

आपल्याकडं ढालकिडा थंडीतच तर कामाला असतो ना? करडईवर मावा पडला की ती कीड खायला मागोमाग हे हजर. इथं उलटं आहे. हिवाळ्यात मावा जवळजवळ संपतो, म्हणजे यांचं ताटच उचललं जातं. म्हणून हे शरद ऋतूतच भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात, मग खाणं थांबवतात आणि अशी जागा धरतात. एक येऊन बसला की त्याच्या वासानं दुसरे येतात. पाईनच्या सुया हिवाळ्यातही गळत नाहीत, त्यामुळे वारा अडतो, पाऊसही थोडाफार अडतो. अंगातलं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी लगेच गोठत नाही, तशी तयारी शरीरानं आधीच केलेली असते. जीव अगदी मंद आचेवर ठेवलेला. साठवलेली चरबी मार्च-एप्रिलपर्यंत पुरवायची, एवढंच काम.

याच झाडांवर आणखी एक जात राहते. काळीकुळकुळीत, पाठीवर चार लाल ठिपके, त्यातले पुढचे दोन स्वल्पविरामासारखे. ती सालीच्या भेगेतही शिरते, आणि हिवाळा सरता सरता जरा ऊन पडलं की सगळ्यांच्या आधी बाहेर येते. आई, तुझ्यासारखीच. घर उठायच्या आत हिचा चहा झालेला!

आता माझा शहाणपणा ऐका. नात म्हणाली, "बिचाऱ्यांना थंडी वाजते, घरी नेऊ." मलाही पटलं. शेंडा हळूच कापला, बरणीत घातला आणि बरणी हीटरशेजारी ठेवली. दोन तासांत अकराच्या अकरा जण काचेवर चढउतार करायला लागले. नात खूश. माझ्या मात्र पोटात गोळा आला. ऊब लागली की यांना हालचाल सुचते, हालचाल झाली की चरबी जळते, आणि खायला घरात मावा कुठून आणू? एकाला बोटानं ढकललं तर पायाच्या सांध्यातून पिवळा, घाण वासाचा थेंब सोडला. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून त्यांची ही युक्ती आहे. माझं बोट संध्याकाळपर्यंत वास मारत होतं.

बाबा, द्राक्षांवरचा पिठ्या ढेकूण खावा म्हणून तुम्ही ढालकिडे आणून बागेत सोडले होते, आठवतंय? आणि त्यांच्याच पांढऱ्या लोकरी अळ्या ढेकूण समजून चिरडल्या होत्या. तेव्हा मी किती हसले होते. ते फिटलं.

त्यांना लगेच परत नेलं, त्याच रोपाच्या दुसऱ्या शेंड्यावर बसवलं. एक पडद्यात हरवला होता, तो रात्री सापडला, त्याला सकाळी पोचवला. काल जाऊन पाहिलं तर नऊ दिसले. दोघांचं काय झालं कळलं नाही. थंडीपेक्षा ओल वाईट म्हणतात, ओलीत बुरशी धरते आणि त्या बुरशीनं किडे मरतात. बाबांना हे निराळं सांगायला नको, तुमच्याकडं मित्रबुरशी म्हणून बिव्हेरिया विकत मिळते, तीच ही. इथं ती मित्रांनाच खाते.

तिकिटाचं म्हणाल तर डिसेंबरचा हट्ट मी सोडला. दरवर्षी तुम्हाला थंडीत इकडं आणून हीटरपाशी बसवायचं माझ्या डोक्यात असतं आणि दरवर्षी आई म्हणते, "बाग सोडून कशी येऊ?" बरोबर आहे तुझं. एप्रिलची खरड छाटणी उरकली की या. तेव्हा पाईनला कोवळे शेंडे फुटतात, मावा येतो, आणि हे लोक अंडी घालायच्या घाईत असतात. बाबांना बघायला आवडेल.

येताना मेतकूट आण. आणि बाबा शेकोटीपाशी जातात तेव्हा कानटोपी घालतात की नाही, तेवढं बघ.

तुमची,
ताई