निखळ खेळाकडे दुर्लक्ष नको

महोदय,

मुलांच्या खेळाचा विषय निघाला की चर्चा लगेच पदकांकडे वळते. ज्या बहुसंख्य मुलांना कधीच स्पर्धेत उतरायचे नसते, त्यांच्या निव्वळ आनंदासाठीच्या खेळाकडे मात्र फारसे कुणी गांभीर्याने पाहत नाही. माझ्या मते व्यक्तिमत्त्वाची खरी जडणघडण तिथेच होते. पंच नसलेल्या सामन्यात चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, यावरून मुले हमरीतुमरीवर येतात आणि खेळ थांबू नये म्हणून पाचच मिनिटांत समेटही करतात. ही तडजोड त्यांना कोणा मोठ्या माणसाने शिकवलेली नसते. झेल सुटल्यामुळे मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलाच्या पाठीवर सोबत्याची थाप पडते, तेव्हा अपयश पचवायला दोघेही शिकत असतात.

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. किशोरवयीनांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जण तेवढी करत नाहीत, हेही तिनेच नोंदवले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतील ३१व्या कलमाने खेळ हा मुलांचा हक्क मानला, तरी परीक्षा जवळ आली की पहिली गदा खेळाच्या तासावरच येते. विशेषतः मुलींचे मैदान याच वयात सुटते, याची मला फार खंत वाटते.

संघात निवड न झालेल्या मुलामुलींसाठीही शाळांनी आठवड्यातले काही तास मैदान राखून ठेवावे आणि त्या वेळी गुणफलक लावू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक पालक